पाळण्यातले पाय : एनबीए ड्राफ्टवरची भांडणं आणि खेळाडू जोखण्याची रीत



बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. या एका म्हणीवर अख्खा उद्योग उभा राहिलेला बघायचा असेल, तर एनबीएचा ड्राफ्ट बघावा. साधारण जूनच्या शेवटी, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराला, न्यूयॉर्कमध्ये हा कार्यक्रम सुरू होतो. १८-१९-२० वर्षांची पोरं नवा सूट घालून टेबलाशी बसलेली असतात, आईवडील शेजारी. कमिशनर व्यासपीठावर येऊन एकेक नाव पुकारतो, पोरगा उठतो, संघाची टोपी डोक्यावर चढवतो आणि हात मिळवतो. त्याच क्षणी जगभरचे चाहते, त्यात मुंबई-पुणे-नागपूरचेही आले, भांडायला बसतात. याला का घेतलं? त्याला का सोडलं? हा नक्की फुसका निघणार. तो बघा, दहा वर्षांनी आमची आठवण काढाल.

आज आम्हाला बोलायचं आहे ते या भांडणाबद्दल. कारण हे भांडण म्हणजे समीक्षाच आहे. एक गोष्ट समोर आहे, तिची किंमत ठरवायची आहे, आणि ती का ठरवली हे दुसऱ्याला पटवायचं आहे. पुस्तकाच्या समीक्षकाकडून आपण निकषांची अपेक्षा करतो, मग खेळाच्या समीक्षकाकडून का करू नये? उलट इथे जास्त करायला हवी. पुस्तक वाईट म्हटलं तर लेखकाचं एक पुस्तक वाईट ठरतं. १९ वर्षांच्या पोराला फुसका म्हटलं, तर ते लेबल त्याला जन्मभर चिकटतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आयपीएलचा लिलाव आपल्याला माहीत आहे. तिथे संघ बोली लावतात, मोठी बोली त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. ज्यांचा हंगाम वाईट गेला त्यांना आधी निवडायचा मान. दोन फेऱ्या, मिळून साधारण ६० नावं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा सुरुवातीचा पगार क्रमांकावर ठरतो, आणि कुठल्या गावी खेळायचं हे त्याच्या हातात नसतं. पहिल्या नंबरासाठी कुणी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५ पासून सोडत काढतात. २०१९ साली आलेल्या नियमाने तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी प्रत्येकी १४ टक्के झाली. २०२५ मध्ये डॅलसला ही संधी होती जेमतेम १.८ टक्के. सोडत लागली ती त्यांनाच, आणि कूपर फ्लॅगसारखा पोरगा त्यांच्या पदरात पडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी आपला हुकमी एक्का, लुका डॉन्चिच, लेकर्सना देऊन टाकला होता. तेव्हा या सगळ्या कारभारात नशिबाला केवढी जागा आहे, हे आधीच ध्यानात ठेवलेलं बरं.

आता मूळ मुद्दा. ड्राफ्टवरचे वाद नीट ऐकले तर लक्षात येतं, की तीन वेगवेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबलेले असतात. पहिला प्रश्न : खेळाडू पुढे कसा निघाला? दुसरा : निवडीच्या दिवशी जे ठाऊक होतं, त्यावरून ती निवड शहाणपणाची होती का? आणि तिसरा : ज्या घरी तो गेला, तिथे त्याला वाढायला जागा होती का? 'बस्ट' हा एक शब्द वापरला, की तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकदम दिल्यासारखी होतात, आणि खरं म्हणजे एकाचंही दिलेलं नसतं. चार गाजलेली उदाहरणं घेऊ. चौघांनाही चाहते एकाच माळेत ओवतात. आमचं म्हणणं, हे चार मणी एका जातीचे नाहीत.

पहिलं, १९८४. ह्यूस्टनने पहिला हकीम ओलाजुवान घेतला. पोर्टलंडने दुसरा सॅम बोवी घेतला. तिसरा राहिला तो शिकागोने उचलला, मायकल जॉर्डन. चाळीस वर्षं झाली, पोर्टलंडला लोक अजून हसतात. पण पोर्टलंडचा विचार काय होता? जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांनी आदल्याच वर्षी घेतला होता. त्यांना उंच माणूस हवा होता. ड्रेक्सलर काही ऐरागैरा नव्हता, त्याच्या जोरावर पोर्टलंड १९९० आणि १९९२ मध्ये अंतिम फेरीत गेलं. म्हणजे 'ही जागा आमच्याकडे भरलेली आहे' हे त्यांचं वाक्य खोटं नव्हतं. मग चूक कुठे होती? दोन ठिकाणी. बोवीच्या नडगीचं हाड मोडलेलं होतं आणि त्यापायी केंटकी विद्यापीठात त्याचे दोन हंगाम वाया गेले होते. हे तेव्हा माहीत होतं, नंतर कळलेलं नाही. आणि दुसरं, संघातली रिकामी जागा हा आजचा प्रश्न असतो, तर ड्राफ्ट हा दहा वर्षांचा. आजच्या भोकाच्या मापाने दहा वर्षांचं ठिगळ कापायला गेलं की असं होतं. ही टीका आम्हाला मान्य आहे. पण 'समोर जॉर्डन दिसत असून घेतला नाही' ही टीका नाही, ती वरातीमागून घोडं आहे. कारण त्या दिवशी ह्यूस्टननेही जॉर्डन सोडलाच होता. त्यांना कुणी हसत नाही, कारण ओलाजुवानने १९९४ आणि १९९५ अशी दोन विजेतेपदं आणून दिली. निर्णय तोच, जॉर्डन सोडायचा. एकाला शाबासकी, दुसऱ्याला शिव्या.

दुसरं, २००७. परत पोर्टलंडच. पहिला ग्रेग ओडन, दुसरा केव्हिन ड्युरांट, तो सिअ‍ॅटलने घेतला. ड्युरांटबद्दल तेव्हा काय बोलत होते? ड्राफ्टच्या आधीच्या शारीरिक चाचणीत १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोचा, बार त्याला एकदाही उचलता आला नाही. या गोष्टीची खूप चर्चा झाली. त्याच वर्षी तो कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा मान आधी मिळालेला नव्हता. एका पारड्यात पूर्ण हंगामाचा खेळ, दुसऱ्या पारड्यात लोखंडाचा बार, आणि चर्चा बारची! तरीही आम्ही म्हणतो, ओडनची निवड मूर्खपणाची नव्हती. त्या वेळी बहुतेक जाणकारांच्या यादीत तोच पहिला होता. पुढे गुडघा गेला. पहिला हंगाम सुरू व्हायच्या आधीच शस्त्रक्रिया झाली, आणि साऱ्या कारकिर्दीत तो १०५ सामने खेळू शकला. याला दुर्दैव म्हणतात. दुर्दैवाला 'बस्ट' म्हणणं म्हणजे पाऊस पडला नाही म्हणून शेतकऱ्याला आळशी ठरवणं.

तिसरं, २००३. लेब्रॉन जेम्स पहिला जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुसरा क्रमांक डेट्रॉइटचा. त्यांनी सर्बियाचा डार्को मिलिचिच घेतला. त्याच्यामागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड ओळीने गेले. डार्कोला १८ वर्षं पूर्ण होऊन अजून आठवडाही झाला नव्हता. तो पोचला अशा संघात, जो पुढच्याच हंगामात अजिंक्यपद जिंकला. म्हणजे मौज बघा, इतिहासातली सगळ्यात वाईट निवड म्हणून जिचं नाव घेतात, ती करणारा संघ वर्षभरात विजेता झाला. इथे आमचा तिसरा प्रश्न येतो. जिंकायला बसलेल्या संघात १८ वर्षांच्या पोराला चुका करायला मिळत नाहीत, आणि चुका केल्याशिवाय या वयात कुणी शिकत नाही. तो बाकावर बसून राहिला. डार्को दुसरीकडे गेला असता तर थोर झाला असता, असं आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण रोप कोमेजलं तर बियाण्याबरोबर कुंडीकडेही बघावं, एवढंच.

चौथं उदाहरण आपल्या जरा जवळचं आहे. २०१८, सॅक्रामेंटो किंग्ज. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते याच किंग्जचे, इंडियाना पेसर्सविरुद्ध. तर २०१८ मध्ये दुसरा क्रमांक किंग्जकडे होता. त्यांनी ड्यूक विद्यापीठाचा मार्विन बॅगली घेतला आणि डॉन्चिच सोडला. ही निवड आम्ही वरच्या तिन्हींपेक्षा वेगळी धरतो. का? तर पुरावा आधीच समोर होता. १९ वर्षांचा डॉन्चिच रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकला होता आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. आदल्या वर्षी स्लोव्हेनियाबरोबर तो युरोपचा विजेता झाला होता. अमेरिकी कॉलेजात समवयस्क पोरांशी खेळणं वेगळं, आणि तिशीतल्या कसलेल्या व्यावसायिकांशी खेळणं वेगळं. तरी आक्षेप कसले होते? पायात वेग नाही, उडी नाही, अंगाने जरा थोराड. किंग्जचे व्यवस्थापक होते व्लादे दिवात्स, स्वतः सर्बियाचे. त्यांना युरोपचं बास्केटबॉल कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पहिला क्रमांक फिनिक्सचा, त्यांचे प्रशिक्षक तर स्लोव्हेनियाला जिंकून देणारे इगोर कोकोश्कोव. तरी फिनिक्सने डीआंद्रे एटन घेतला. किंग्जकडे चेंडू हाताळायला डीएरन फॉक्स होता, म्हणजे पुन्हा तेच, जागा भरलेली आहे. १९८४ चा धडा ३४ वर्षांनी तसाच कोरा राहिला. बॅगलीचा यात दोष काय? काही नाही. त्याने कॉलेजात सामन्यामागे २१ गुण काढले होते, त्याच्या परीने तो खेळला. जोखणाऱ्याची चूक आणि जोखल्या गेलेल्याची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता काही मंडळी म्हणतील, की चुकांची चिरफाड सोपी आहे, ज्यांना जमलं त्यांचं बोला. ठीक, त्यांचंही बोलू. २०१४ चा ड्राफ्ट. निकोला योकिच ४१ वा गेला. त्याचं नाव आलं तेव्हा अमेरिकेतल्या वाहिनीवर जाहिरात चालू होती, इतकी त्याची पत्रास. हाच माणूस पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळालं. चाहते म्हणतात, काय डेन्व्हरची नजर! पण थांबा. त्याच रात्री डेन्व्हरने १६ व्या क्रमांकाचा युसुफ नुर्किच घेतला होता. तोही उंच, तोही त्याच जागेवर खेळणारा. योकिच कोण होणार हे डेन्व्हरला दिसलं असतं, तर ते ४१ पर्यंत कशाला वाट बघत बसले असते? २०१२ मध्ये गोल्डन स्टेटने ड्रेमंड ग्रीन ३५ वा घेतला. त्यांच्या मुत्सद्देगिरीच्या कथा सांगतात, पण त्याआधी त्याच रात्री त्यांनी दोन खेळाडू घेतले होते, ७ वा आणि ३० वा. तेव्हा यशातही अर्धी पारख आणि अर्धं घबाड असतं.

मग डेन्व्हरचं श्रेय काय? आहे, मोठं आहे. पण ते ड्राफ्टच्या रात्रीचं नाही. ड्राफ्टनंतर दोन-अडीच वर्षांत त्यांनी मान्य केलं, की आपण खाली घेतलेला पोरगा वर घेतलेल्यापेक्षा सरस आहे. योकिचला सुरुवातीच्या पाचांत कायम केलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नुर्किचला पोर्टलंडला दिलं. हे जेवढं सोपं वाटतं तेवढं नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या दोन अभ्यासकांनी १९९५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १९८० ते १९८६ मधल्या ड्राफ्टचे खेळाडू त्यांनी तपासले. त्यांना असं आढळलं, की मैदानावरची कामगिरी, दुखापत, खेळायची जागा हे सगळं हिशेबात घेऊनही, ज्याचा क्रमांक वरचा त्याला जास्त मिनिटं खेळायला मिळतात आणि तो लीगमध्ये जास्त वर्षं टिकतो. म्हणजे काय, तर आपण मोल मोजलं आहे म्हणून वस्तू चांगली, असा हिशेब. महागाची साडी नेसून अंगाला टोचत असली तरी कपाटातून काढून टाकवत नाही, त्यातला प्रकार. आणि याची दुसरी बाजू अशी, की जो खाली निवडला गेला त्याला तेवढाच चांगला खेळूनही बाकावर बसावं लागतं. क्रमांक हा अंदाज म्हणून सुरू होतो आणि नशीब होऊन बसतो. मग वीस वर्षांनी आकडे काढून आपणच म्हणतो, बघा, वरच्या क्रमांकाचे जास्त टिकले, पारख बरोबर होती!

आता आकडे विरुद्ध डोळे हा वाद. गेली वीसेक वर्षं तो चालू आहे आणि दोन्ही बाजू एकमेकांना अडाणी समजतात. आम्ही दोघांच्याही एकेक खोडीवर बोट ठेवतो.

आकडेवाल्यांची खोडी अशी, की थोड्या आकड्यांवर मोठा मजला चढवायचा. २००६ च्या ड्राफ्टपासून नियम झाला, की अमेरिकी मुलगा शाळा सोडल्यावर किमान एक वर्ष तरी थांबला पाहिजे. त्यामुळे बरेच जण एकच वर्ष कॉलेजात खेळून येतात, ३०-३५ सामने. समजा एका पोराने त्यात लांबून, म्हणजे तीन गुणांचे, १२० फटके मारले आणि ४३ गेले. झाले ३६ टक्के. आता नुसत्या योगायोगाने पाच जास्त गेले तर होतात ४०, पाच कमी गेले तर ३२ च्याही खाली. पाच फटके, म्हणजे सात सामन्यांत एक इकडेतिकडे! ४० वाल्याला लोक 'नेमबाज' म्हणतात, ३२ वाल्याला 'हात नाही'. पोरगा तोच आहे. म्हणून जाणती मंडळी फ्री थ्रोकडेही बघतात. तिथे अंगावर कुणी येत नसतं, अंतर ठरलेलं, हाताची लय उघडी दिसते. वयही बघतात. २२ वर्षांच्या खेळाडूने १८ वर्षांच्यांना लोळवलं आणि १८ वर्षांच्याने २२ वाल्यांना, यांचे गुण सारखे भरले तरी अर्थ सारखा नाही.

डोळेवाल्यांची खोडी जास्त जुनी आहे. डोळा खेळ बघायला बसतो आणि शरीर बघून उठतो. उंची किती, पसरलेल्या हातांची लांबी किती, उडी किती. चाचणीचं वार्तांकन ऐकताना कधी कधी बैलबाजाराची आठवण येते, दात मोजायचे, वशिंड दाबून बघायचं. शरीराला महत्त्व नाही असं नाही, या खेळात उंची म्हणजे भांडवलच. पण शरीर एकदा डोळ्यात भरलं, की खेळ दिसेनासा होतो. मार्क गसोलची हकिगत मायकल लुईस यांनी २०१६ च्या 'द अनडूइंग प्रोजेक्ट' या पुस्तकात सांगितली आहे. २००७ मध्ये ह्यूस्टनच्या आकडेवारीला हा पोरगा पसंत होता. पण निरीक्षकांच्या हाती त्याचा उघड्या अंगाचा फोटो आला, थुलथुलीत, आणि त्याच्या छातीवरून एक अचकट टोपणनाव पडलं. हसता हसता मत फिरलं. ह्यूस्टनने त्याला सोडला, तो ४८ वा गेला, आणि २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्यानंतर ह्यूस्टनचे डॅरिल मोरी यांनी खेळाडूंना टोपणनावं ठेवायला बंदी केली. आणखी एक बंदी केली, आम्हाला ती फार मार्मिक वाटते. नव्या खेळाडूची तुलना जुन्याशी करायची असेल, तर दुसऱ्या वंशाच्या खेळाडूशीच करायची. गोऱ्याला गोरा आणि काळ्याला काळा हे चालणार नाही. असं केल्याबरोबर बऱ्याचशा तुलना तोंडातून निघेनाशाच झाल्या. म्हणजे त्या खेळाच्या तुलना नव्हत्याच, चेहऱ्याच्या होत्या. हार्वर्डचा जेरेमी लिन २०१० मध्ये ६० जणांतही आला नाही, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने न्यूयॉर्क डोक्यावर घेतलं, हे या संदर्भात आठवून बघा.

टीकेची भाषा टीकाकाराला फसवते, ती अशी. चाहत्यांच्या तोंडचे लाडके शब्द बघा : सीलिंग, फ्लोअर, अपसाइड, मोटर. कमाल मजल, किमान मजल, वाव, इंजिन. जणू पोरगा म्हणजे बांधकाम किंवा मोटारगाडी. यातला 'अपसाइड' तर फारच सोयीचा. तो कधी खोटा पडत नाही. पोरगा चमकला तर 'म्हटलं होतं ना', नाही चमकला तर 'वाव होता, पण त्याने सोनं केलं नाही'. जे विधान कशानेच खोटं पडू शकत नाही, ते विधान नव्हे. भविष्य सांगणारे पोपटवालेही हेच करतात.

आता थोडं आपल्याबद्दल. २०१५ मध्ये पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू. सात फूट दोन इंच. आपल्याकडे केवढा आनंद झाला, आणि होणं रास्तच होतं. लुधियानाच्या अकादमीत घडलेला, कोवळ्या वयात फ्लोरिडाला गेलेला, इंग्रजीपासून सगळं नव्याने शिकलेला पोरगा. पण त्या काळातली आपल्याकडची चर्चा आठवा. त्याचे पाय बचावात किती हलतात, पास कसा देतो, थकल्यावर काय करतो, यावर आपण किती बोललो? बोललो ते दोनच गोष्टींवर, उंची आणि झेंडा. ५२ व्या क्रमांकाचा अर्थ काय असतो हेही फारसं कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या फेरीच्या त्या टोकाला निवडले गेलेले अनेक जण एनबीएत कधीच रुजत नाहीत. सतनाम एनबीएच्या हंगामात एकही सामना खेळला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात दिसला, तेव्हा काही जणांनी हळहळ केली आणि काही जणांनी टर उडवली. आमच्या मते दोन्ही चूक. ५२ वा येणं हीच त्याची कमाई होती. तिच्यावर एका देशाचं ओझं आपण चढवलं, आणि ओझं पडल्यावर हमालाला बोल लावला. आपल्या नागपाड्याच्या मैदानावर आज कुणी पोरगा उंच निघाला, तर आपण त्याचं काय करू, हा प्रश्न यातून घ्यायचा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. चाहता म्हणतो, आम्ही काही संघाचे नोकर नाही. निवडीची प्रक्रिया बरोबर होती की नाही हे तुम्ही बघत बसा. आम्हाला जिंकलेला सामना हवा. तिकीट आमचं, जागरण आमचं, शिव्या द्यायचा हक्कही आमचा. मान्य. सॅक्रामेंटोच्या लोकांनी २००६ नंतर सलग १६ हंगाम संघाला बाद फेरीबाहेर पाहिलं. त्यांना प्रक्रियेवर प्रवचन देणं हा उद्धटपणा होईल. पण आम्ही त्यांनाच विचारू, की शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या? निकालावरून राग काढला तर तो पोरावर निघतो, आणि चूक करणारी खुर्ची मोकळी सुटते. तीच खुर्ची पुढच्या वर्षी तीच चूक करते. नीट टीका केली तरच ती खुर्चीपर्यंत पोचते.

क्वामी ब्राउनचं उदाहरण याचसाठी बोलकं आहे. २००१ मध्ये वॉशिंग्टनने शाळेतून थेट आलेला हा पोरगा पहिल्या क्रमांकाने घेतला. शाळेतून येऊन पहिला निवडला गेलेला तो पहिलाच. निवडणारा कोण? मायकल जॉर्डन. ज्याला दोन संघांनी सोडलं होतं तोच आता जोखणारा होता, आणि स्वतः सर्वश्रेष्ठ असूनही त्याला पाळण्यातले पाय ओळखता आले नाहीत. उत्तम खेळणं आणि उत्तम पारखणं ही दोन वेगळी अंगं आहेत. क्वामीला आजही बस्ट म्हणतात. तो एनबीएत १२ हंगाम खेळला. बारा! त्या लीगमध्ये एक हंगाम टिकावा म्हणून जगभरची पोरं हाडं झिजवतात. पहिला क्रमांक त्याने मागितला नव्हता, तो त्याला दिला गेला. मग अपेक्षा आणि वास्तव यांत जे अंतर पडलं, त्याचं बिल त्याच्या नावावर का फाडायचं?

मग वाद घालूच नये का? घालावा. मन लावून घालावा. फक्त चार पथ्यं पाळावीत. एक, मत निवडीच्या आधी लिहून ठेवावं आणि कारणासकट लिहावं. वरातीमागून घोडा दामटायचा मोह त्याने आपोआप कमी होतो. दोन, आपलं मत कशाने खोटं ठरेल हेही त्यातच लिहावं. 'याचे फ्री थ्रो दोन वर्षांत सुधारले नाहीत, तर तो नेमबाज नव्हे' हे मत झालं. 'याच्यात वाव आहे' हे मत नव्हे. तीन, खेळाडू, निवड आणि घर, या तिघांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडावा. बोवीची दुखापत, पोर्टलंडची घाई, डार्कोचा बाक आणि किंग्जची झापडं एका शब्दात मावत नाहीत. आणि चार, टीका करताना नाव घ्यायचं तर निवडणाऱ्याचं घ्यावं. तो पगार जोखण्याचाच घेतो.

पाळण्यात पाय दिसतात हे खरं आहे. पायांची लांबी दिसते, बोटं दिसतात, लाथ मारायची तडफही दिसते. ते पाय कुठल्या वाटेने जाणार आणि त्या वाटेवर त्यांना चालू कोण देणार, हे पाळण्यात दिसत नाही. डार्को मिलिचिच आज सर्बियात फळबागा करतो. एनबीएच्या इतिहासात त्याची एकच ओळ आहे, आणि ती आपल्यासारख्या चाहत्यांनी लिहिलेली आहे. पुढच्या जूनमध्ये पहाटे उठून बसाल आणि कुणा १९ वर्षांच्या पोराच्या नावावर पहिली ओळ लिहायला घ्याल, तेव्हा हात जरा सावकाश चालवा, एवढंच मागणं.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या, आणि भांडायचं असेल तर जरूर भांडा, फक्त कारणं द्या.